हाफकिन यांचे चरित्र व त्यांच्या संशोधनाचे माप

मुंबईच्या परळ भागात हाफकिन या नावाची एक प्रसिद्ध संस्था आहे. प्लेग, पटकी, सर्पदंश इत्यादी संकटांवरील लसी व औषधे तिच्यातून कित्येक वर्षे देशभर गेली. त्यामुळे तिचे नाव खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले. परंतु ज्या पुरुषाचे नाव तिला दिले आहे तो कोण होता, कोठून आला, आणि या देशात त्याने काय केले व काय सोसले, हे फारच थोड्यांस ठाऊक असते. या चरित्राशी आपल्या नागपूर-वऱ्हाडकडील लोकांचाही संबंध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगची साथ नागपुरासही येऊन पोहोचली होती. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक घरेदारे सोडून शेतांत झोपड्या घालून राहत. अशा त्या दिवसांत या रोगाविरुद्ध जी लस टोचली जाई ती याच पुरुषाने सिद्ध केली होती.

हे चरित्र आज सांगण्यास दुसरेही एक कारण आहे. संशोधकाच्या कार्याचे माप काढण्याची हल्ली एक रीत पडून गेली आहे. त्याने किती निबंध छापले, आणि पुढील किती लेखकांनी आपल्या निबंधांच्या शेवटी त्याचा दाखला दिला, हे मोजतात. यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९६४ साली अशा दाखल्यांची मोठी सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढे २००५ साली हर्श नावाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यांनी निबंध व दाखले मिळून एकच अंक काढण्याची तोड सुचवली. एखाद्याच्या दहा निबंधांस प्रत्येकी निदान दहा दाखले मिळाले, तर त्याचा अंक दहा. आज वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांस वरची जागा मिळावयाची झाल्यास छापलेले निबंध दाखवावे लागतात. ही रीत अगदीच टाकाऊ आहे असे नव्हे. कारण ज्याचे काम दुसऱ्याच्या उपयोगी पडते त्याचा उल्लेख बहुधा होतोच. परंतु एखादी गोष्ट पुष्कळांनी सांगितली म्हणजे ती खरी ठरते काय? आणि ज्याचे नाव फारसे कोणी घेत नाही त्याचे काम लहान असते काय? हाफकिन यांच्या आयुष्यात या दोन्ही प्रश्नांची कसोटी लागली.

जन्म व शिक्षण

व्लादिमीर हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसा हे काळ्या समुद्राच्या काठचे बंदर असून आज ते युक्रेन देशात आहे. तेथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू मेचनिकॉफ हे पुढे जगप्रसिद्ध झाले. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंस गिळून टाकतात हे त्यांनी दाखवले व १९०८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

तो काळ रशियातील यहुदी लोकांस फार कठीण होता. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला, आणि त्यानंतर यहुदी वस्त्यांवर जमावांनी हल्ले केले. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी जे तरुण पुढे झाले त्यांत हाफकिन होते. त्यांस अटक झाली. मेचनिकॉफ यांनी मध्यस्थी केली तेव्हा त्यांची सुटका झाली. शिक्षण पुरे झाल्यावर विद्यापीठात जागा मिळावयाची तर त्यांनी राजधर्माची, म्हणजे रशियन चर्चची, दीक्षा घ्यावी असे त्यांस सुचवण्यात आले. त्यांनी ते नाकारले. नोकरीसाठी घेतलेली दीक्षा ही दीक्षाच नव्हे, हे कोणत्याही प्रामाणिक मनुष्यास समजण्याजोगे आहे. हाफकिन ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात लहानशा जागेवर काम करीत राहिले, आणि १८८८ साली देश सोडून स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे गेले.

पुढच्याच वर्षी ते पॅरिस येथे पाश्चर यांच्या संस्थेत आले. संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून त्यांनी तेथील ग्रंथालयात काम पत्करले. दिवसा पुस्तके सांभाळावी आणि उरल्या वेळी प्रयोगशाळेत जंतूंचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता.

पटकीवरील लस

पटकीचा जंतू कॉख या जर्मन पंडितांनी १८८३-८४ च्या सुमारास ओळखून काढला होता. १८८५ साली स्पेन देशात फेरान नावाच्या वैद्यांनी हजारो लोकांस पटकीची लस टोचली. परंतु आपली कृती त्यांनी विद्वानांपुढे नीट उघड केली नाही, व टोचलेल्या आणि न टोचलेल्या लोकांचा विश्वसनीय हिशेबही ठेवला नाही. त्यामुळे त्यांच्या परिश्रमांचा उपयोग झाला की नाही हे कोणासच ठरवता येईना. हाफकिन यांनी या उदाहरणापासून योग्य तो बोध घेतला.

त्यांनी पटकीचे जंतू गिनीपिग नावाच्या लहान प्राण्याच्या पोटात एकामागून एक असे कित्येक वेळा वाढवून त्यांचा जोर वाढवला, आणि दुसऱ्या बाजूस उष्णता व हवा यांच्या योगे तो जोर कमीही केला. आधी दुबळी लस टोचावयाची व काही दिवसांनी जोरकस, अशी त्यांची पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, दुखले, आणि ते बरे झाले. त्यानंतर त्यांच्या काही मित्रांनीही ती टोचून घेतली. मगच त्यांनी ही हकीकत पॅरिसच्या विद्वान मंडळीस कळवली.

परंतु लस खरोखर राखण करते की नाही हे जेथे पटकी नित्य वास करते अशाच देशात कळणार होते. पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिस येथे ब्रिटिश वकील होते. त्यांच्या साह्याने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास आले.

त्यांचे स्वागत झाले असे नव्हे. लोकांस लशीची भीती वाटे, कोठे कोठे दगडही पडले. तेव्हा हाफकिन व त्यांचे बंगाली सहकारी डॉक्टर लोकांसमक्ष आधी स्वतः टोचून घेत. १८९४ साली कलकत्त्याच्या काटाल बागान नावाच्या बस्तीत पटकी शिरली. तेथे सुमारे २०० माणसे राहत. त्यांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर तेथे १० जणांस रोग झाला व ७ दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते.

येथे हाफकिन यांची मुख्य रीत ध्यानात घ्यावी. दूरच्या गावाशी तुलना केली तर पाणी निराळे, अन्न निराळे, राहणी निराळी. मग फरक कशाने पडला हे सांगता येत नाही. म्हणून एकाच वस्तीतील, एकाच विहिरीचे पाणी पिणारी, शक्य तर एकाच घरातील माणसे घ्यावयाची, आणि टोचलेले किती, न टोचलेले किती, दोहोंपैकी आजारी किती, मेले किती, हे लिहून ठेवावयाचे. आपल्या बाजूचे तेवढे मोजावयाचे नाही, तर दोन्ही बाजूंचे मोजावयाचे. या रीतीने त्यांनी बंगाल, संयुक्त प्रांत, पंजाब व आसामातील चहाचे मळे येथे फिरून १८९५ पर्यंत सुमारे ४२,००० लोकांस लस टोचली. शेवटी हिवतापाने ते इतके खंगले की त्यांस इंग्लंडास जावे लागले.

मुंबईतील प्लेग

ते परत आले तोच १८९६ साल उजाडले होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढे काय झाले हे मराठी वाचकांस ठाऊकच आहे. लोक मुंबई सोडून पळू लागले. रोग पुण्यास गेला. रोग्यांची सेवा करिता करिता सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी अंत झाला. घरांची झडती, रोग्यांस बळेच उचलून नेणे या सरकारी जुलमाने लोक संतापले, व २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. या रोगाने पुढील तीसएक वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

सरकारने हाफकिन यांस मुंबईस पाठवले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते तेथे पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली व एक ओसरी मिळाली. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम सुरू केले.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे येर्सिन व किटासाटो यांनी शोधून काढला होता. हाफकिन यांनी तो मांसाच्या रसात वाढवला. त्या रसावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. जंतू त्या थेंबांस धरून खाली लोंबत वाढत. वडाच्या पारंब्या दिसाव्या तसे ते दिसे. भांडे हलवले की त्या पारंब्या तुटून खाली बसत व पुनः नव्या फुटत. पुरेशी वाढ झाली म्हणजे रस तापवून सर्व जंतू मारावयाचे व त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालावयाचे. मेलेले जंतू रोग देत नाहीत, परंतु शरीरास शत्रूची ओळख करून देतात, हे या लशीचे तत्त्व होय.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली. तीही पुढे लोकांस दिली जाई त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणात. त्यांस सडकून ताप भरला. तो उतरला व ते कामास लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले व ६ मेले. घेतलेल्यांत २ आजारी पडले व एकही मेला नाही. आजच्या नियमांप्रमाणे बंदिवान माणसांवर असा प्रयोग करण्यास सहज परवानगी मिळणार नाही, व ते योग्यच आहे. तथापि त्या दिवसांत मुंबईस दुसरा आधार नव्हता.

लोकांचा विश्वास हळूहळू बसू लागला. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी स्वतः सर्वांसमक्ष टोचून घेतले, आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी त्यांचे अनुकरण केले. हाफकिन यांच्या कामासाठी त्यांनी आपला एक बंगलाही दिला. पुढे सरकारने परळ येथील जुना गव्हर्नरचा वाडा दिला, व १० ऑगस्ट १८९९ रोजी तेथे प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा उघडली.

उंधेरा गावचा हिशेब

या सर्व प्रयोगांत एक विशेष सांगण्याजोगा आहे, कारण तो एका खेड्यात झाला. बडोद्याजवळ उंधेरा नावाचे सुमारे हजार वस्तीचे गाव आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग होता. सर्व गाव बोलावून घरोघरची माणसे एकत्र उभी केली, आणि प्रत्येक घरातील जवळजवळ निम्म्यांस लस टोचली. एकच छप्पर, एकच चूल, एकच उंदीर. भेद तो काय लशीचाच.

काही आठवड्यांनी हिशेब घेतला. २८ कुटुंबांत रोग शिरला होता. त्या कुटुंबांत लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ आजारी पडली व २६ मेली. लस घेतलेली ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ मेली.

हे आकडे सावकाश वाचावे. त्यांत लशीचे यश आहे, पण तिची मर्यादाही आहे. लस घेऊनही तीन माणसे मेली. हाफकिन यांनी ती तिघे लपवली नाहीत. ती हिशेबात आहेत, आणि म्हणूनच बाकीच्या हिशेबावर विश्वास बसतो. ज्या दुकानदाराच्या वहीत तोट्याची एकही नोंद नाही त्याची वही शहाणा मनुष्य खरी मानीत नाही. शिवाय हेही विसरू नये की त्या आकड्यांच्या मागे घरे होती. ज्या घरातील निम्मी माणसे वाचली, त्या घरात उरलेल्यांचे काय झाले हे पाहणारे डोळेही होते.

सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने पुढे हाफकिन यांच्या कागदपत्रांची छाननी केली. सर्वच ठिकाणच्या नोंदी पुरेशा काटेकोर नाहीत असा दोष त्यांनी काढला. तरीपण लशीने रोग कमी होतो व मृत्यू त्याहूनही कमी होतात, हे मान्य केले. टीकाकारांस तपासता येईल असा हिशेब समोर होता, म्हणूनच त्याचे दोषही दाखवता आले.

मुलकोवालचा अपघात

आता या चरित्राचा दुःखद भाग येतो. १९०२ साली पंजाबात प्लेगने कहर केला, आणि तेथील सरकारने लाखो लोकांस टोचण्याचा बेत केला. लस त्वरित व पुष्कळ हवी होती. म्हणून परळच्या प्रयोगशाळेत कार्बोलिक ॲसिड घालण्याचे सोडून केवळ उष्णतेने लस शुद्ध राखण्याची पद्धत घेतली गेली. ही पद्धत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही चालत असे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावी १०७ लोकांस लस टोचली. त्यांपैकी १९ जणांस पुढील दिवसांत धनुर्वात झाला, व ते सर्व मरण पावले. हे १९ ही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांस काहीही झाले नाही.

एकोणीस माणसे! ती भीतीने नव्हे, विश्वासाने पुढे आली होती. त्यांच्या घरच्यांस कोणत्या आकड्यांनी समजावावे? ही गोष्ट हलकी करून सांगणे योग्य नाही. चौकशी होणे अवश्य होते, आणि ती झाली. परंतु चौकशी करणाऱ्यांनी असा निर्णय दिला की बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेतच, तिच्यात धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत. कार्बोलिक ॲसिड सोडल्याचा ठपका हाफकिन यांजवर आला. त्यांस कामावरून दूर करण्यात आले, व १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले.

यानंतर काय घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. हाफकिन यांच्या निष्काळजीपणाने माणसे मेली, हे वाक्य सरकारी कागदांतून, वर्तमानपत्रांतून व लोकांच्या तोंडून वारंवार बोलले गेले. त्या तीनचार वर्षांत त्यांच्याविषयी सर्वांत अधिक वेळा सांगितली गेलेली गोष्ट बहुधा हीच असेल. ती एकाने दुसऱ्याची, दुसऱ्याने तिसऱ्याची उचलली. जो तो मागच्याचा दाखला देई. मूळ कागद कोणी उघडीना.

ज्यांनी उघडले त्यांस निराळेच दिसले. मुलकोवाल येथे बाटलीचे बूच काढताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट उकळून शुद्ध न करता, जंतुनाशक पाण्यात नुसता खळबळून, पुनः वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे आज शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. दुसरे असे की, ते जंतू प्रयोगशाळेतच बाटलीत शिरले असते तर ती गावी पोहोचेपर्यंत त्यांची वाढ होऊन विषाची दुर्गंधी सुटली असती. परंतु बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांस तशी दुर्गंधी आढळली नव्हती. आणि टोचलेल्या लोकांस आठवडाभर काही झाले नाही. बाटलीत आधीच विष साठलेले असते तर लक्षणे त्याहून लवकर दिसती.

लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पाहून याच बाजूचे मत दिले. हिवताप डासांमुळे पसरतो हे ज्यांनी हिंदुस्थानातच सिद्ध केले ते रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या साह्यास धावले. १९०७ च्या जुलैत रॉस व दुसरे नऊ नामांकित शास्त्रज्ञ यांनी लंडनच्या टाइम्स पत्रात आपल्या सह्यांनिशी पत्र प्रसिद्ध करून, पुरावा हाफकिन यांजविरुद्ध नाही असे स्पष्ट केले. त्या दहा सह्यांपुढे चार वर्षांच्या पुनरुक्तीचे वजन उरले नाही. कारण त्या दहांनी ऐकीव गोष्ट सांगितली नव्हती, चिमटा व बाटली यांची हकीकत स्वतः तपासली होती. त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांस दोषमुक्त केले.

अखेरची वर्षे

१९०८ साली ते कलकत्त्यास पुनः कामावर आले. परंतु ज्या परळच्या प्रयोगशाळेत त्यांचा जीव होता ती त्यांस परत मिळाली नाही, आणि लोकांमध्ये जाऊन लस टोचण्याचे मोठे कामही त्यांजकडे राहिले नाही. न्याय मिळाला, पण गेलेली वर्षे मिळाली नाहीत. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले. त्यांनी विवाह केला नव्हता. उतारवयात ते आपल्या पूर्वजांच्या धर्माचरणाकडे अधिकाधिक वळले, आणि आपली संपत्ती त्यांनी यहुदी विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी दिली. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले, ते त्यांस जिवंतपणी कळले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांनी देह ठेवला.

कार्याचे माप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. हाफकिन यांच्या संशोधनाचे माप कसे काढावे?

निबंधांची संख्या पाहिली तर ती मोठी नाही. त्यांचा पुष्कळ वेळ रेल्वेच्या डब्यात, बस्त्यांत, चहाच्या मळ्यांत व लोकांच्या अंगणांत गेला. १८९९ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे प्रतिबंधक लशीवर निबंध वाचला, पटकीवरील कामाचा अहवाल त्यापूर्वी लिहिला, व आणखी काही लेख लिहिले. एवढाच त्यांचा मुख्य संसार. आज एखादी मोठी प्रयोगशाळा वर्षभरात याहून अधिक छापते.

त्यांच्यावरून दुसऱ्यांनी काय घेतले हे पाहिले तर चित्र पालटते. विषमज्वरावर लस काढणारे इंग्रज पंडित ऑलम्रॉथ राइट यांस हाफकिन यांच्या कामापासून दिशा मिळाली, आणि त्यांनी ते छापून मान्य केले. १८९७ पासून १९२५ पर्यंत मुंबईहून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लक्ष डोस बाहेर गेले. ज्यांस ती टोचली त्यांपैकी कोणी निबंध लिहिला नाही, कोणी तळटीप दिली नाही. वाचलेला मनुष्य शेतावर जातो, मुलांचे लग्न करतो, म्हातारा होतो. त्याचे वाचणे कोणत्याही सूचीत येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. एखादी रीत फार चांगली ठरली म्हणजे ती सर्वांची होते, आणि मग तिच्या कर्त्याचे नाव गळून पडते. लस घेतलेले व न घेतलेले यांची एकाच परिस्थितीत तुलना करावी, आणि दोन्ही बाजूंचे मृत्यू उघड मांडावे, हा नियम आज सर्व जगाने उचलला आहे. २०२० साली कोविडची महामारी आली तेव्हा नव्या लशी याच नियमाने, पूर्वीपेक्षा कितीतरी काटेकोरपणे, पारखल्या गेल्या. त्या निबंधांत हाफकिन यांचे नाव शोधू गेल्यास क्वचितच सापडेल. जुन्या विहिरीचे पाणी पिणारे खणणाऱ्याचे नाव विचारीत नाहीत, तसेच हे आहे.

त्यांची प्लेगची लस आता मागे पडली आहे, हेही सांगितले पाहिजे. तिने ताप येई, तिचे रक्षण काही महिनेच टिके, व ती पुनः पुनः टोचावी लागे. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे निघाल्यावर प्लेगचा रोगी वेळेवर उपचार मिळाल्यास बरा होतो. यात हाफकिन यांस कमीपणा नाही. संशोधकाचे काम मागे पडावे व पुढच्याने त्याहून चांगले करावे, हाच त्या कामाचा धर्म आहे.

तेव्हा दाखले अवश्य मोजावे, पण ते मोजताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. मुलकोवालचा खोटा ठपका वारंवार सांगितला गेला, तरी तो खोटाच राहिला; आणि उंधेऱ्याचा खरा हिशेब फार थोड्यांनी वाचला, तरी तो खराच राहिला. संख्येने आवाज मोठा होतो, सत्य मोठे होत नाही. जो आपल्या बाजूचे मेलेलेही मोजतो व वही दुसऱ्याच्या हाती देतो, त्याच्याच मापावर भरवसा ठेवावा.

हा नियम केवळ पंडितांसाठी नाही. गावात साथ आली, लस आली, की दोन्ही बाजूंच्या अफवा उठतात. अशा वेळी किती लोक असे म्हणतात हे विचारून थांबू नये. घेणारे किती, न घेणारे किती, आणि दोहोंकडे काय झाले, हे विचारावे. उंधेऱ्याच्या शेतकऱ्यांच्या घरांतून हा प्रश्न शिकण्यास हाफकिन यांनी आपले आयुष्य घातले.